जोड नसलेला पट्टा

असल्फ्याच्या चढावर आमची पिठाची गिरणी आहे. पाटीवर नाव बाबांचं, पण बाबा बसवर चालक. गिरणी खरी आईची. शाळेत जायच्या आधीपासून मी तिथल्या पालथ्या डब्यावर बसून एकच गोष्ट बघत असे, ती म्हणजे पट्टा. कोपऱ्यात मोटर, दारापाशी जातं, आणि दोघांच्या मधे चार बोटं रुंदीचा काळपट कॅनव्हासचा पट्टा, सतत पळणारा. त्याला एका जागी जोड होता. तो जोड पुलीवरून गेला की ‘फट्’ व्हायचं. गिरणी चालू म्हणजे फट् फट् फट् चालू. गल्लीतल्या बायका वीज आली की गेली हे त्या आवाजावरून सांगत.

आईला पट्ट्याकडे बघावं लागत नसे. कोणाची ज्वारी, कोणाची बाजरी, कोणाला पीठ जाडं हवं आणि कोणाला बारीक, हे सगळं तोंडाने चालू असताना तिचा एक कान कायम पट्ट्याकडे असायचा. पट्टा घसरायला लागला की त्याला पकड यावी म्हणून ती राळेचा खडा लावायची. आवाज नुसता बदलला तर जोड उसवत आलाय हे तिला कळायचं. आणि मी जरा जवळ सरकले की ओरडायची, “फिरत्या पट्ट्याजवळ हात नाही!” हे वाक्य मी बाराखडीच्या आधी शिकले. तरी एकदा बोट पुढे केलंच होतं, तेव्हा तिने मनगटावर अशी चापट मारली की मी तिच्याशी बोलणंच टाकलं. राग माझ्या नाकावर असतो तो तेव्हापासून.

भीती मात्र मला कधी वाटली नाही. नवल वाटायचं. मोटर जात्याला कुठेही शिवत नाही, दोघांच्या मधे मोकळी जागा, आणि तरी तिकडची ताकद इकडे येते आणि एवढा मोठा दगड गरगर फिरतो. हे कसं होतं ते आता मला गणितात मांडता येतं. नवल काही त्याने कमी झालेलं नाही.

अंधेरीच्या कॉलेजात इंजिनिअरिंगला गेले, आणि पहिल्याच वर्षी रोबोटच्या टीममध्ये घुसले. स्पर्धा अशी की दोन रोबोट मैदानात उतरतात, खोकी ढकलत आपापल्या जागी नेतात आणि एकमेकांना आडवे जातात. टीममध्ये सगळ्यांची गर्दी रोबोटच्या हाताभोवती आणि कॅमेऱ्याभोवती. चाकांकडे कोणी बघत नाही, ती बंद पडेपर्यंत. त्या वर्षी ती पडली. भर सामन्यात एका बाजूच्या चाकांची चेन उतरली आणि आमचा रोबोट स्वतःभोवती गोल गोल फिरत राहिला. लोक हसले. दुसऱ्या कोणाचा असता तर मीही हसले असते.

दुसऱ्या वर्षी चाकांचं काम मी मागून घेतलं आणि पहिल्याच बैठकीत सांगून टाकलं, की चेन नको, बेल्ट लावू.

आमचा कॅप्टन शेवटच्या वर्षाचा, बोरिवलीचा, स्वभावाने थंड. तो म्हणाला, “यार, चेन तुटली तर कडी बदलून परत उभे राहतो आपण. बेल्ट गेला तर?”

“नाही जाणार.”

“गॅरंटी कोणाची?”

“माझी.”

बोलून गेले. कॅप्टनने मान हलवली आणि तिथल्या तिथे निकाल लावला. दसऱ्याला वर्कशॉपात पूजा असते, त्या दिवशी चाचणी. रोबोट सामन्याएवढा पूर्ण वेळ वजन ढकलत चालला तर बेल्ट. नाही तर चेन, आणि मी वायरिंगला. वायरिंगवाल्यांची माफी मागून सांगते, मला ती जन्मठेपच वाटली. चाकं सोडून त्या रोबोटमध्ये मला दुसरं काही नको होतं.

आमचा बेल्ट गिरणीच्या पट्ट्यासारखा सपाट नव्हता. त्याला आतून दात असतात, पुलीलाही दात असतात, आणि दातात दात बसून चाक फिरतं, त्यामुळे घसरायचा प्रश्नच नाही. तो ठरलेल्या मापातच मिळतो. कापता येत नाही, वाढवता येत नाही, जोडता येत नाही. म्हणून सगळं उलटं करावं लागतं. आधी चाकं ठरवायची आणि मग त्यांना पुरेल असा बेल्ट शोधायचा, असं नाही; आधी बेल्ट निवडायचा आणि तो म्हणेल तिथे चाकं बसवायची. दोन्ही पुली सारख्या असल्या तर हिशेब शाळेतला आहे. बेल्टच्या लांबीतून एका पुलीचा घेर वजा करा, उरलं त्याचं निम्मं करा, तेवढं अंतर दोन चाकांच्या मधे. बस. मला ते पहिल्यांदा सुटलं तेव्हा मी कागदाकडे बघतच राहिले. एक काळी रबरी कडी सांगते आणि अख्ख्या रोबोटची सहाच्या सहा चाकं आपापल्या जागी जाऊन उभी राहतात.

बेल्ट आले तेव्हा एक जुना, खराब झालेला तुकडा आम्ही ब्लेडने चिरून बघितला. आत पांढऱ्या दोऱ्या होत्या. काचेच्या! काचेचे केसाहून बारीक धागे पिळून दोरी केलेली आणि ती रबरात लपवलेली. ओढा कितीही, ताणत नाही. ज्या काचेला आपण घरात जपून हात लावतो तिच्यावर हे सगळं वजन ओढलं जाणार होतं. मेट्रोत बसून मी तो तुकडा बोटांत फिरवत घरी गेले आणि शेजारच्या बाईंनी, हे काय आहे म्हणून विचारल्यावर त्यांना घाटकोपरपर्यंत समजावत बसले. माझं असल्फा स्टेशन मागे गेलं ते कळलंच नाही.

आता जे झालं ते ऐका. ॲल्युमिनियमच्या चौकोनी पाईपवर भोकं कुठे पाडायची त्याचं चित्र मी कॉम्प्युटरवर काढलं. अंतर हिशेबाने आलं तेवढं टाकलं, आणि त्यात जेमतेम अर्धा मिलिमीटर वाढवला. कोणी सांगितलं नव्हतं. पुस्तकात नव्हतं. हाताने आपोआप वाढवला, आणि वाढवताना मला वाटलं की मी फार शहाणपणा करतेय.

ड्रिलिंगला माझी मैत्रीण होती, वेसाव्याच्या कोळीवाड्यातली. तिच्या घरी मासळीचा धंदा, आणि हात असा स्थिर की तिने पाडलेलं भोक मोजायची गरज नसे. भोकं झाली, चाकं आली, पण बेल्ट काही चढेना. दोघींनी मिळून चाकाचा दांडा रेटून रेटून आत बसवला.

“एवढा टाइट असतो का गं?” तिने विचारलं.

“असाच पाहिजे. पुढे सैल पडतो.”

आणि रोबोट चालवला तर तो रडायला लागला. खरोखर. चाकं फिरत होती, पण लांब हुंदका दिल्यासारखा आवाज. सरळ जाताना जड, वळताना त्याहून जड. बॅटरी बघता बघता उतरली, आणि चाकांच्या बेअरिंगला हात लावला तर चटका बसला. कॅप्टन हाताची घडी घालून उभा होता. तो काही टाकून बोलला नाही, ते मला जास्त लागलं. फक्त म्हणाला, “पाईप एकच उरलाय. तो चेनसाठी ठेवू का?”

“दसरा अजून आलेला नाही,” मी म्हणाले, आणि दार आपटून बाहेर पडले.

नवरात्र चालू होतं. घरी आले तर गिरणीवर उपासाच्या दळणांची रांग, राजगिरा, शिंगाडा, वरी, आणि नेमका तेव्हाच पट्ट्याचा जोड फाटला होता. बायका पायरीवर बसून होत्या. आईने नवीन पट्ट्याचं भेंडोळं काढलं होतं. मी दप्तर टाकून तिच्या मदतीला बसले. तिने पट्टा मोटरच्या आणि जात्याच्या पुलीवरून गुंडाळून आणला, दोन टोकं एकमेकांवर धरली, आणि सुरी लावायच्या आधी टोकापासून दोन बोटं मागे सरकवली. आडवी दोन बोटं, पट्ट्यावर टेकवलेली. मग तिथे कापला.

हे मी लहानपणापासून बघत आले होते. त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं.

“आई, दोन बोटं कमी का धरतेस?”

“अगं पट्टा तो. आज ताठ बसला तरच चार दिवसांनी नीट चालेल. सैल पडतोच ना.”

माझा अर्धा मिलिमीटर कुठून आला ते समोर होतं, पिठाने पांढरं झालेलं, दोन बोटं रुंद. कॉम्प्युटरवर माऊस मी धरला होता, पण माप आईने धरलं होतं. कॅनव्हासचा पट्टा ताणतो, म्हणून तिचं बरोबर. आमच्या बेल्टच्या पोटात काच आहे. तो ताणणारच नव्हता. मी त्याला उगाच ताणून धरलं होतं, आणि तो बिचारा ओरडून सांगत होता. मला हसू आलं आणि अंगावर काटाही आला. आपल्या हातात आपल्या आधीच्या माणसांचे हात असतात, हे मला तोवर माहीत नव्हतं.

आईला सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं, काचेचे धागे वगैरे ऐकून ‘अगं बाई’ म्हणाली, पण मान काही डोलावली नाही.

“तू म्हणतेस तर असेल काच. पण फिरणारी वस्तू आहे बाय. फिरून फिरून सैल पडणार. थोडं तरी जास्त धर.”

“नाही धरणार.”

“मग पडेल सैल, आणि मग माझ्या नावाने ओरडू नकोस.”

शेवटच्या पाईपचं चित्र काढताना मी हिशेबाचं अंतर टाकलं आणि हात मांडीवर ठेवून बसले. काही वाढवायचं नाही, हे वाढवण्यापेक्षा किती अवघड होतं! वाटत होतं, केसभर तरी टाकावं, आईचं मन राखायला. उद्या सैल पडला, दात निसटला, तर चेन आणि वायरिंग. आणि आईचं ‘सांगितलं होतं ना’ आयुष्यभर. मी काही टाकलं नाही. मैत्रिणीने भोकं पाडली. या वेळी दांडा हाताच्या दाबाने सरकत आत गेला आणि बेल्ट असा बसला की आम्ही दोघी एकमेकींकडे बघायला लागलो. खूप सोपं झालं की मला संशय येतो.

दसऱ्याला गिरणी बंद असते. वर्षातून तेवढाच एक दिवस जात्याला हार घालतात आणि पट्टा पुलीवरून उतरवून ठेवतात, त्यालाही विश्रांती म्हणून. ते सगळं सकाळीच उरकून आई म्हणाली, “मी येते तुझ्या कॉलेजात. बघू तरी तुझी काच.” मेट्रोत ती मांडीवर झेंडूची पिशवी घेऊन बसली होती. वर्कशॉपात लेथला, ड्रिलला, पान्यांना फुलं वाहून झाली होती. आई सरळ रोबोटकडे गेली, हळदीकुंकवाची डबी काढली आणि बोट बेल्टकडे नेलं.

“आई, बेल्टला नको!”

“बरं बाई, चौकटीला लावते,” म्हणाली आणि चौकटीला लावलं. कॅप्टनने तिला नमस्कार केला, “काकू, तुमच्या मुलीने आमच्या नाकात दम आणलाय.” आई म्हणाली, “आमच्याही.”

रोबोट लाकडी ठोकळ्यांवर ठेवला होता, चाकं जमिनीपासून उचललेली. बेल्टवरचं झाकण अजून बसवायचं होतं. मैत्रिणीने रिमोट घेतला आणि चाकं चालू केली.

आणि आवाज आलाच नाही. मोटरची बारीकशी गुणगुण, तीही वर्कशॉपातल्या पंख्याखाली दबलेली. फट् नाही, हुंदका नाही, खडखड नाही. सहाही चाकं एकसारखी फिरत होती आणि बेल्ट इतका सरळ पळत होता की तो पळतोय हे डोळ्यांना कळत नव्हतं. काळी रेघ ओढून ठेवावी तसा तो जागच्या जागी दिसत होता. मी हे स्वतः मांडलं होतं, आकड्यांनी, आणि तरी मी आ वासून बघत होते.

“चालू कर ना मग,” आई म्हणाली. ती वाकली होती. आयुष्यभर यंत्र कानाने ओळखणारी माझी आई, तिच्या कानाने सांगितलं होतं की हे बंद आहे. तिने दोन बोटं पुढे केली, ताण बघायला, बेल्टच्या दिशेने.

“आई! फिरत्या पट्ट्याजवळ हात नाही!”

मी ओरडले आणि रोबोटच्या पाठीवरचं लाल बटण दाबलं. चाकं थांबली. बोटं वीतभर लांब राहिली होती. आई जागच्या जागी गोठली. तिचं वाक्य, तिच्याच आवाजात, माझ्या तोंडून आलं होतं.

“फिरत होता?” तिने हळूच विचारलं.

“फिरत होता.”

तिने हात पदराला धरून ठेवला आणि कितीतरी वेळ त्या बेल्टकडे बघत राहिली. घाबरली होती, हो. पण तिच्या चेहऱ्यावर घाबरण्यापेक्षा दुसरंच काहीतरी जास्त होतं. मी गिरणीतल्या डब्यावर बसून पट्ट्याकडे बघायचे तेव्हा मी अशी दिसत असणार.

झाकण बसवलं आणि चाचणी सुरू झाली. आईला स्टुलावर लांब बसवलं. वाळूच्या पिशव्या भरलेलं खोकं रोबोटने भिंतीपर्यंत नेलं, परत आणलं, वळला, पुन्हा ढकललं. कॅप्टन मुद्दाम दुसरं खोकं आडवं टाकत होता. रोबोट त्यालाही रेटत होता. मी बेल्टचा एखादा दात निसटल्याची ‘टक्’ कधी येते त्याची वाट बघत होते, श्वास धरून. ती आली नाही. वेळ संपली तेव्हा मैत्रिणीने रिमोट खाली ठेवला आणि कॅप्टनने वाकून बेअरिंगला हात लावला. हात काढला नाही. तसाच ठेवून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, “चेन कपाटात टाक रे कोणीतरी. झकास आहे हे.”

चेन मीच उचलली आणि कपाटात टाकून आले.

बॅटरी काढली, झाकण उघडलं, आणि मी आईला बोलावलं. “आता लाव हात.” तिने तरी आधी बॅटरी कुठे ठेवलीय ते बघून घेतलं. मग दोन बोटं बेल्टवर ठेवली आणि दाबली, जशी गिरणीत दाबते. सुटली की बेल्ट जागेवर. परत दाबली. मग विचारलं, “जोड कुठेय याचा?”

“बघ शोधून.”

तिच्या बोटाला अजून कुंकू होतं. ज्या जागी तिने दाबलं तिथे काळ्या बेल्टवर लाल ठसा उमटला होता. डाव्या हाताने ती चाक हळूहळू फिरवायला लागली आणि उजव्या हाताचं कोरडं बोट बेल्टवर टेकवून ठेवलं. बेल्ट बोटाखालून सरकत गेला. ठसा पुढच्या पुलीमागे गेला. ती शोधत होती तो उंचवटा, ते ‘फट्’. कुठेतरी असणारच, अशी तिची खात्री होती. मग मागच्या पुलीवरून तिचाच लाल ठसा फिरून परत तिच्या बोटाखाली आला.

“नाहीच की गं,” ती म्हणाली. परत एकदा पूर्ण फिरवला. “सुरुवातच नाही याला.” तिचे डोळे भरून आले होते आणि त्याची तिला लाज वाटली नाही. “आणि सैल नाही पडला.”

“नाही.”

“मी सांगितलं होतं जास्त धर म्हणून.”

“हो.”

“बरं झालं ऐकलं नाहीस,” असं माझी आई त्या दिवशी म्हणाली, आणि हे ती दुसऱ्यांदा कधी म्हणालेली नाही.

दुसऱ्या दिवशी गिरणी उघडली. पट्टा परत पुलीवर चढवला तर तो नेहमीप्रमाणे सैल पडलेला. आईने जोड सोडवला, पुलीवरून टोकं ओढून आणली, आणि सुरी माझ्यासमोर धरली. आजवर तिने ती मला कधी हातात घेऊ दिली नव्हती.

“तू धर माप,” ती म्हणाली.

बाहेर डबे घेऊन बायका थांबल्या होत्या. मी पट्ट्याची टोकं एकमेकांवर धरली, आणि दोन बोटं कमी धरली.